वन्संची सायकल

आमच्या वन्संना कशाची भीती वाटते ते विचारू नका, सांगायला काही नाहीच. मला कशाची वाटत नाही ते विचारा. तेही सांगायला फारसं काही नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय बावन्न, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज मात्र चार घरांपलीकडे जाईल असा. त्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुतात. नळ्या, चंबू, काचेच्या पट्ट्या. ऐकायला अगदीच किरकोळ काम वाटतं, लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटलं होतं. मग एकदा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की नळीत आदल्या माणसाचं काही राहिलं तर पुढच्या माणसाला नसलेला आजार कागदावर चिकटतो. तेव्हापासून मी कपसुद्धा दोनदा धुते. बावीस वर्षांत त्यांच्या हातून अकरा नळ्या फुटल्या आणि अकराच्या अकरा त्यांना पाठ आहेत. कुठली, कधी, आणि नेमकी त्याच वेळी कुणी हाक मारली म्हणून. स्वतःच्या हातांवर त्यांचा फार विश्वास. "माणसं घसरतील, माझे हात घसरणार नाहीत," असं ऐटीत सांगायच्या.

मी घरीच शिलाई करते. पडदे, गणवेश, पँटी आखूड करणं, झिपा बदलणं. पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन, मागच्या खोलीत आम्हा दोघींच्या खाटा. वन्संनी मला 'सुई' नाव ठेवलंय. धंद्यावरून की जिभेवरून, ते मी कधी विचारलं नाही.

माझा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. चार दिवसांचा ताप. डॉक्टर म्हणाले होते, साधा ताप आहे, घाबरू नका. मी घाबरले नाही. तेव्हापासून कुणी 'साधा' म्हटलं की मी हातातलं काम खाली ठेवते. साधा खोकला, साधा जिना, साधी वायर. वन्सं न्हाणीत दहा मिनिटांच्या वर राहिल्या की मी दार वाजवते. "जिवंत आहे!" त्या आतून ओरडतात. लोक हसतात, हसू देत. मला मूलबाळ नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. वन्संना काही झालं तर मी या दोन खोल्यांत भांडायचं कुणाशी?

गेल्या वर्षी लॅब हलली. कालव्यापलीकडे नवी इमारत झाली, तिथे. बस कालव्याच्या अलीकडेच वळते. पुढे पुलाचा चढ, मग पलीकडे लांबच लांब उतार, उताराच्या तळाशी चौक, आणि चौक ओलांडला की लॅबचं गेट. सकाळी सातला हजर. वन्संनी आठवडाभर चालून पाहिलं, गुडघा सुजून टम्म झाला. लॅबमधल्या दोन बायकांनी काम सोडलं. वन्सं त्या संध्याकाळी घरी आल्या आणि चपला काढायच्या आत म्हणाल्या, "मी सायकल घेतेय."

"कुणासाठी?"

"शेजारच्या मांजरीसाठी! कुणासाठी म्हणजे काय?"

"वन्सं, चौदाव्या वर्षानंतर तुम्ही सायकलला हात लावलेला नाही."

"पोहणं आणि सायकल माणूस विसरत नाही."

"पोहणाऱ्याला ट्रक आडवे येत नाहीत."

"अगं, साधी सायकल आहे, सुई."

झालं. साधी.

सायकल आली ती एका निवृत्त नर्सकडून. बिनदांडीची, हिरवी, नऊ वर्षं जिन्याखाली उभी. वन्सं ती हाताने ढकलत घेऊन आल्या तेव्हा दोन्ही टायर बसलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. मी मनातल्या मनात म्हटलं, वा, ही काही जन्मात चालायची नाही. पण वन्संनी ती सरळ कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. तिथे सायकली दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात, सगळे त्यांना छर्रेवाला म्हणतात. चाकाच्या आतले छर्रे ते डोळे मिटून नुसते बोटांवर फिरवतात आणि कुठला झिजलाय ते सांगतात. माणूस अबोल. दिवसाला वीस शब्द पुरतात त्यांना.

वन्सं त्यांना म्हणाल्या, "तुम्ही नाही करायचं. मला शिकवायचं, मी करणार. रस्त्यात अडली तर तुम्ही येणार आहात का?"

छर्रेवाल्यांनी वन्संच्या हातांकडे पाहिलं, एक पाना पुढे केला आणि म्हणाले, "उलटा फिरवा."

तीन रविवार हे चाललं, आमच्या दारापुढच्या फरशीवर. चाकं काढली, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, ग्रीसमध्ये एकेक बसवले. एक छर्रा गटाराकडे घरंगळला तर वन्संनी त्याला झेप घालून पकडला आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना त्या तोंडाने चाकाशी बोलत होत्या, "इकडे ये बाबा, थोडा इकडे." नवी चेन, नव्या ट्यूबा, ब्रेकची नवी तार, ब्रेकचे नवे रबर. सीटला मी कव्हर शिवलं, दुहेरी कापडाचं. शिवता शिवता मनात एकच, की हे कव्हर त्यांना घेऊन जाणार आणि परत कोण आणणार? ब्रेक बसवले तेव्हा छर्रेवाले नेहमीपेक्षा जास्त बोलत होते, पण चाक गरागरा फिरताना मला पाहवत नाही, म्हणून मी आत निघून गेले होते. ते काय सांगत होते ते मी ऐकलंच नाही.

पहिल्या दिवशी वन्सं निघाल्या तेव्हा मी दारात उभी. त्या गल्लीच्या वळणाशी गेल्या, ब्रेक दाबला, आणि ब्रेक असा किंचाळला की मी दाराची चौकट धरली. मग त्या वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

त्या दिवसापासून माझी सकाळ म्हणजे नुसती टांगणी. सहा पंचवीसला त्या निघायच्या. सहा चाळीसला पूल. सहा पंचेचाळीसला तो उतार. तेवढा वेळ मी मशीनवर बसायचे नाही, कारण त्या वेळात शिवलेलं सगळं मला नंतर उसवावं लागायचं. मला इथे बसून तो चौक दिसायचा, त्यातले डंपर दिसायचे, वन्संची ओढणी चाकात गेलेली दिसायची. त्या ओढणी घेतच नाहीत, तरी दिसायची! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. सातला दोन मिनिटं कमी असताना मी लॅबच्या गेटवर फोन करायचे. "पोचल्या का?" गेटवरचा वॉचमन म्हणायचा, "पोचल्या, ताई." मग मी चहा प्यायचे.

महिनाभराने वन्सं तणतणत घरी आल्या. "तू रोज गेटवर फोन करतेस?"

"एखाद-दुसऱ्या दिवशी."

"सगळी लॅब मला हसते. त्या वॉचमनने आज मला हजेरी द्यायला लावली, 'घरी कळवायचंय' म्हणून! मी बावन्न वर्षांची आहे, सुई. उद्यापासून फोन केलास तर बघ."

फोन बंद झाला. पण भीती काय, फोनच्या वायरीत थोडीच राहते? ती आली माझ्या हातांत. काहीतरी करायला हवं, माझ्या हातांनी त्या सायकलसाठी काहीतरी करायला हवं, असं झालं मला. आणि रोज सकाळी वळणावर तो ब्रेक किंचाळायचा. कर्रर्र! मला तो आवाज सहन होईना.

आता माझं ऐका. तीस वर्षं मी मशीनवर बसते. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, मशीन ओरडलं की ते तेल मागतंय. जिथे लोखंडाला काही घासतं तिथे दोन थेंब. त्याने झीज होत नाही, सुई मोडत नाही, धागा तुटत नाही. मशीनचं आयुष्य तेलावर. हे माझ्या हाडीमांशी भिनलेलं. मला वाटलं, एवढे शहाणे छर्रेवाले, आणि एवढं कळू नये? ब्रेक कोरडा ठणठणीत ठेवलाय!

त्या मंगळवारी वन्सं अंघोळीला गेल्या आणि मी मशीनच्या तेलाची कुपी घेऊन बाहेर आले. चेनला घातलं, पॅडलला घातलं, स्टँडच्या स्प्रिंगला घातलं. मग ब्रेकच्या चारही रबरांना घातलं, चांगलं मुरेल इतकं. चाक हाताने फिरवत रिमला सगळीकडून तेलाचं बोट लावलं आणि फडक्याने पुसून रिम अशी लखलखीत केली की तोंड दिसावं. पहिल्यांदाच त्या सायकलपाशी मला बरं वाटलं.

वन्सं बाहेर आल्या. "अगंबाई, आज चमकतेय!"

"पुसली जरा," मी म्हटलं.

"असंच करत जा. फोन करण्यापेक्षा बरं." त्या बसल्या आणि निघाल्या. वळणाशी त्या सावकाश होत्या, समोरून कुणी येत नव्हतं. चूं नाही की चां नाही. मी अगदी खूश होऊन आत आले.

दहा मिनिटांनी छर्रेवाले आले, दुकान उघडायच्या आधी कामाचा डगला शिवायला टाकायला. मी माप घेता घेता म्हटलं, "तुमच्या सायकलचा आवाज मी बंद केला हो आज."

"कसला?"

"ब्रेकचा. तेल घातलं. रबराला, रिमला, सगळीकडे."

ते हात पसरून उभे होते माप द्यायला. ते हात तसेच राहिले.

"ब्रेकला?"

"मग? ओरडत होता ना."

"ताई," ते म्हणाले, "बाकी सगळं फिरण्यासाठी असतं. ब्रेक घासण्यासाठीच असतो. तेल घातलं की तो धरत नाही. मुळीच धरत नाही."

मी घड्याळाकडे पाहिलं. सहा एकोणचाळीस. पुलाचा चढ. चढावर ब्रेक लागत नाही. सपाटीवर लागत नाही. लागतो तो उतारावर. मी फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. तो फोन त्यांच्या पिशवीत, पिशवी कॅरिअरला बांधलेली. मीच बजावलं होतं, सायकलवर असताना फोन घ्यायचा नाही म्हणून.

"बसा मागे," छर्रेवाले म्हणाले. त्यांची सायकल दाराशीच होती.

मी आयुष्यात सायकलच्या कॅरिअरवर बसले नव्हते. बसले. माप घ्यायची फीत माझ्या गळ्यात तशीच, पायात एकच चप्पल. ते उभे राहून पॅडल मारत होते, आणि मी त्यांचा शर्ट दोन्ही मुठींत धरून एकच म्हणत होते, थांबल्या असतील, पंक्चर झाली असेल, चढावर दम लागून उतरल्या असतील. बेकरी गेली, शाळा गेली. बसचा थांबा गेला. चढावर ते धापा टाकायला लागले तशी मी उडी मारली आणि पळत सुटले. पूल संपेपर्यंत मी माझ्या नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत होते. तू घेऊन जाऊ नकोस त्यांना, एवढं तरी करू नकोस माझ्याशी.

उताराच्या तळाशी माणसं जमली होती. एक मोठा ट्रक आडवा उभा. पाय चालत राहिले, कसे ते मला सांगता येणार नाही.

वन्सं फुटपाथवर बसल्या होत्या. जिवंत. दोन्ही गुडघे फुटलेले, कोपर सोललेलं, केसांत वाळू. चौकाच्या जरा अलीकडे नळ दुरुस्तीसाठी वाळू आणून टाकलेली होती, त्यांनी सायकल तिच्यात घातली होती. पुढचं चाक पार वाकडं. ट्रकचा ड्रायव्हर त्यांच्याजवळ उकिडवा बसून पाणी देत होता. मी त्यांना मिठी मारली आणि भोकाड पसरलं.

"गप गं," वन्सं म्हणाल्या. पण आवाज त्यांचा नव्हता. "सुई, हातांनी दगा दिला. मी दाबले होते दोन्ही ब्रेक. जीव खाऊन दाबले. लागलेच नाहीत. जोरच नव्हता गं हातांत."

मागून छर्रेवाले आले. वाकून त्यांनी मागच्या रिमवर बोट फिरवलं. वाळू आणि तेल, बोट काळं झालं. त्यांनी ते बोट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून ते थांबले होते. मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "चला वन्सं, दवाखान्यात जाऊ."

असं केलं मी. का, ते सांगते. लाज वाटते म्हणून लपवून काय उपयोग? आधी वाटलं, आत्ता नको, नंतर सांगू. मग वाटलं, सांगितलं तर त्या माझं तोंड पाहणार नाहीत, निघून जातील. आणि तिसरी गोष्ट संध्याकाळी कळली. दवाखान्यातून आल्यावर खाटेवर पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "तुझंच खरं होतं. सायकल विकून टाक." त्या रात्री मला सहा वर्षांत लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली.

हाड मोडलं नव्हतं, सगळा मुका मार. आठ दिवसांची रजा मिळाली. आठ दिवस वन्सं घरात, माझ्या डोळ्यांसमोर. सहा पंचेचाळीस यायचं आणि जायचं. मी मशीनवर बसायचे, शिवलेलं उसवावं लागत नव्हतं. मला हवं होतं ते अगदी तसंच मिळालं होतं.

पण त्यांच्याकडे पाहवेना. दुसऱ्या दिवसापासून त्या पेला दोन्ही हातांनी धरायला लागल्या. चौथ्या दिवशी कपबशी नको म्हणाल्या, "स्टीलचं दे काहीतरी, पडलं तर फुटायला नको." ज्या बाईने दुसऱ्याला कधी काच उचलू दिली नाही ती! बसल्या बसल्या मुठी आवळायच्या, सोडायच्या, बोटांकडे बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "माझा हात दाब बरं. किती जोर लागतो सांग." मी दाबला. त्यांनी माझी बोटं अशी आवळली की मला कळ आली. "चांगला आहे की जोर," मी म्हटलं. "तू मेली उगाच माझी समजूत घालतेस," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. खोटं बोलले ते पचलं आणि खरं बोलले ते पटलं नाही, असा माझा न्याय.

सहाव्या दिवशी मी छर्रेवाल्यांच्या दुकानात गेले. सायकल त्यांनी तिथेच नेली होती. चाक सरळ केलेलं, रबर नवे, रिम धुऊन कोरडी.

"सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं नाहीत ना?"

"लोक मला विचारतात, तुमचा ब्रेक कसा काय लागला नाही. मी ऐकून घेतो. मला काही नाही." ते पाना पुसत होते. "पण त्या बाई परवा तुम्हाला न सांगता इथे आल्या होत्या. म्हणाल्या, ब्रेकची तार नीट होती ना, म्हणजे दोष माझ्याच हातांचा ना. मी काय सांगू? ते सांगणं तुमचं आहे."

महिन्याचे शब्द त्यांनी एकदम खर्च केले. मला वर बघवलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी मी उठले तर वन्सं टेबलाशी बसल्या होत्या. समोर कागद. बावीस वर्षं काम केलं, आता हात साथ देत नाहीत, काच हाताळणं धोक्याचं आहे, तरी मला मोकळं करावं. अक्षर वेडंवाकडं. मुद्दाम नाही, पेनसुद्धा त्या भीत भीत धरत होत्या.

"वाच आणि चुका काढ," त्या म्हणाल्या. "तू बसने जाऊन देऊन ये. मला तिथे जाववणार नाही."

मी वाचलं. माझ्या मनात काय आलं ते सांगू? आलं, की घडी घाल, पिशवीत टाक, देऊन ये. संपलं. मग त्या घरी, तू घरी. दार बंद. खरंच आलं मनात. आणि मग मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसल्या होत्या, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखे. माझी भीती होती ती माझ्याकडून काढून मी त्यांच्या अंगावर घातली होती, आणि ती त्यांना बरोब्बर बसली होती.

"हातांचा काही दोष नाही," मी म्हटलं. "तेल मी घातलं. ब्रेकला. त्या सकाळी. आवाज करत होता म्हणून."

त्यांनी मान वर केली.

"तू पुसली म्हणाली होतीस."

"आधी तेल घातलं. रबरांना, रिमला. मशीनचं तेल. तुम्ही कितीही दाबला असतात तरी तो लागला नसता. मला माहीत नव्हतं. छर्रेवाल्यांनी सांगितलं तेव्हा कळलं."

"त्यांनी कधी सांगितलं?"

"तुम्ही पुलावर असाल तेव्हा."

"म्हणजे मी पडले तेव्हा तुला माहीत होतं. तिथे, फुटपाथवर."

"हो."

मी मार खायला तयार होते, म्हणजे तसं तोंड करून उभी होते. वन्सं उठल्या. ओट्याकडे गेल्या. फळीवर वर ठेवून दिलेला काचेचा पेला काढला, माठातून काठोकाठ भरला, आणि एका हाताने माझ्यासमोर लांब धरला. एक थेंब सांडला नाही. बराच वेळ तसा धरून उभ्या राहिल्या. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, हातावर होती. मग त्यांनी ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"तेल घातलंस, ते मी विसरेन," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, त्याने मी जास्त भ्याले. "मी मेले असते तरी एक वेळ समजू शकले असते, मूर्खपणा झाला, करायला गेलीस एक. पण आठ दिवस, सुई! आठ दिवस तू मला बसल्या जागी म्हातारी करून ठेवलंस. आणि मला चहा देत होतीस."

"मला वाटलं तुम्ही जाल. मला सोडून."

"मी रोजच जाते! आणि रोज येते! हे तुला सहा वर्षांत कळलं नाही?"

कळलं होतं, पण विश्वास बसला नव्हता. एकजण एकदा आला नाही, की पुढची हजार परतणी खोटी वाटतात. हे मी तेव्हा बोलले नाही, रडत होते.

त्यांनी घड्याळ पाहिलं. सहा वाजून गेले होते. कागद टेबलावर तसाच सोडून त्यांनी कपडे बदलले, पिशवी भरली. "चल दुकानापर्यंत."

"आज? गुडघा अजून..."

"चल म्हटलं ना."

छर्रेवाले नुकतंच दुकान उघडत होते. आम्हा दोघींची तोंडं पाहून त्यांनी सायकल बाहेर काढली. वन्संनी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, सायकल पुढे रेटली, हलली नाही. बोट रिमवर फिरवलं, नाकाशी नेलं. मग पिशवी कॅरिअरला बांधली. गाठ बांधताना त्यांची बोटं थरथरत होती, आणि ती माझ्यामुळे थरथरत होती. वन्संना इतकी भीती वाटलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"वन्सं, नका जाऊ आज. उद्या जा. नाहीतर मी येते पुलापर्यंत, मागून चालत येते."

"नाही." त्या सीटवर बसल्या, एक पाय जमिनीवर. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तू तोंड फिरवायचंस आणि सरळ घरी जायचंस. दारात उभं राहायचं नाही, फोन करायचा नाही, मागे बघायचं नाही. तू बघत उभी राहिलीस की माझे हात तुझे होतात. आज मला माझे लागणार आहेत."

"आणि काही झालं तर?"

"तर होईल. जा."

मी तोंड फिरवलं. घराकडे शंभर-सव्वाशे पावलं असतील. मागे पॅडलचा आवाज झाला, मग तो लांब गेला, मग एक हॉर्न वाजला, कुणीतरी ओरडलं, कुणाचा तरी ब्रेक लागला, कुणाचा ते कळलं नाही. माझी मान दुखायला लागली, इतकी मी ती धरून ठेवली होती. त्या सकाळइतकी मी कधीच भ्याले नव्हते, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. आणि मी मागे बघितलं नाही.